कुंडीला वाफसा आलाय का? माती आणि कंपोस्टची ओल घरच्या घरी मोजण्याची रीत

माझा पहिला कढीपत्ता मी पाणी घालघालून मारला. पुण्यातली पश्चिमेकडची गच्ची, एप्रिल महिना, आणि दुपारी चार वाजता पानं माना टाकून बसलेली. वरची माती कोरडी ठणठणीत दिसायची, म्हणून मी झारी घेऊन धावायचे. पानं पिवळी पडायला लागली तशी सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी सुरू केलं. शेवटी कुंडी उपडी केली. वरचं दोन बोटं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा चुरा) भुग्यासारखं कोरडं होतं आणि तळाशी काळा चिखल, गटाराचा वास. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर त्याची साल मोजा निघावा तशी सुटून हातात आली आणि मागे नुसता दोरा राहिला.

माझे सासरे फलटणकडचे, आयुष्यभर शेती केलेले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. ते कुंडीकडे बघून म्हणाले, "वाफसा न बघताच पाणी देत होतीस की गं."

शेतीशी संबंध नसलेल्यांनी हा शब्द आधी शिकून घ्यावा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जोराचा पाऊस झाला की मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात. मग मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली निचरून जातं आणि तिथे हवा शिरते. बारीक पोकळ्यांत मात्र पाणी धरलेलं राहतं. मुळांना हवा आणि पाणी एकदम मिळतं ती ही अवस्था, म्हणजे वाफसा. हलक्या मुरमाड रानात तो दुसऱ्या दिवशीही येतो, काळ्या जमिनीत चांगले काही दिवस थांबावं लागतं. कुंडीतही हेच घडतं, फक्त जागा लहान आणि तळाला एक-दोन भोकं. आपल्याला मोजायचं आहे ते हेच, की कुंडी वाफशाच्या किती जवळ आहे आणि किती लांब गेली आहे.

जवळ काय काय हवं

- बांबूची काडी, किंवा आइस्क्रीमची लाकडी काडी
- सामानाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा
- स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणि स्टीलची ताटली
- खुरपं, रबरी हातमोजे
- वही आणि पेन्सिल (पेन ओल्या बोटांनी चालत नाही)
- ओलावा मीटर: नसला तरी चालेल, कसं ते पुढे येईलच

१. आधी कुंडीत काय भरलंय ते बघा

ओल ओळखण्याची एकच खूण सगळ्या कुंड्यांना लागू होत नाही. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, तळातून वाहताना दिसतं, आणि आपण समजतो कुंडी भरली. मध्ये गड्डा कोरडाच असतो. लाल माती लवकर निचरते. कोकोपीट तर दोन्ही बाजूंनी फसवतं: वरून फिकट, कोरडं दिसतं तेव्हा खाली भिजलेलं असू शकतं, आणि एकदा का पार वाळलं की पाणी आत घ्यायलाच तयार होत नाही, थेंब वरच्या वर घरंगळतात. असं झालं तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवून खालून भिजवावी. झारीने तासभर ओतलंत तरी उपयोग नाही.

म्हणून प्रत्येक कुंडीवर मिश्रण लिहून ठेवा. मी रंगाच्या डब्यावरची चिकटपट्टी लावते: "लाल माती + कंपोस्ट", "कोकोपीट जास्त".

२. बोट दोन पेरं आत

रोजच्या कामाला ही चाचणी पुरेशी आहे, पण बहुतेक जण ती चुकीच्या जागी करतात. खोडाला चिकटून बोट घालू नका, कडेलाही नको. दोन्हीच्या मधोमध, दोन पेरं आत, म्हणजे साधारण ४ ते ५ सेंटिमीटर. सकाळी, पाणी देण्याआधी. गार आणि दमट लागलं, बोटाला मातीचे कण चिकटले, तर आज पाणी नाही. कोरडं आणि कोमट लागलं तर पुढची खात्री काडीने करा.

बोट जेमतेम वरचा थर सांगतं. काडी कुंडीच्या निम्म्याहून खाली जाते. ती आत खुपसून दहा मिनिटं ठेवा, मग बाहेर काढून बघा. ओल जिथवर आहे तिथवर लाकूड गडद होतं आणि माती चिकटते. कढीपत्त्याच्या वेळी मी ही एक काडी घातली असती तर खालचा चिखल पहिल्याच आठवड्यात कळला असता. काडीला वास येतो का तेही बघा. आंबूस किंवा गटारासारखा वास आला तर पाणी थांबवून तळाची भोकं मोकळी करा.

इथे एक सापळा आहे. दुपारी पानं लोंबली म्हणजे पाणी कमी, असं धरू नका. दुधी, काकडी, दोडका यांची मोठी पानं भर उन्हात लोंबतात आणि सूर्य कलला की आपोआप उभी राहतात. पहाटेही लोंबलेली दिसली तर काहीतरी बिघडलं आहे. आणि तेव्हाही कारण दोन्ही असू शकतं: पाणी संपलं, किंवा पाण्यात मुळं गुदमरली. वरून दोन्ही दुखणी सारखीच दिसतात.

३. मातीचा लाडू

नवी कुंडी भरताना किंवा वाफ्यात रोप लावताना ही चाचणी करा. मूठभर माती घ्या, दाबून लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून जमिनीवर सोडा. पडून फुटला आणि भुसभुशीत तुकडे झाले, तर वाफसा आहे, लावणी करा. भाकरीसारखा चपटा होऊन बसला तर अजून थांबा. वळलाच नाही, बोटांतून गळून गेला, तर कोरडी आहे. निव्वळ रेताड माती ओली असूनही नीट वळत नाही, तिथे ही चाचणी चालत नाही.

अण्णा लाडू टाकत नाहीत. ते माती अंगठ्याने तर्जनीवर पुढे सरकवतात, चकचकीत पट्टी उमटली की "नाही अजून" म्हणतात आणि हात झटकतात. मला ते जमायला दोन पावसाळे लागले.

४. कुंडी तोला

मला विचाराल तर नवशिक्याने सगळं सोडून एवढं एक तरी करावं. पाण्याचं वजन लपत नाही: १ लिटर म्हणजे १ किलो. कुंडीतून पाणी गेलं की ते वजनात दिसणारच.

पहिलं टोक असं काढा. संध्याकाळी कुंडीला भरपूर पाणी द्या, तळातून वाहीपर्यंत. अर्ध्या तासाने पुन्हा द्या. रात्रभर निचरू द्या, खाली ताटली ठेवू नका. सकाळी दोरीचा झोळणा करून हुकाच्या काट्याला कुंडी लटकवा आणि वजन लिहा. हे झालं कुंडीचं भरलेलं वजन. कुंडीतला वाफसा साधारण हाच.

दुसरं टोक काढायला धीर लागतो. पाणी न देता रोज सकाळी वजन करत राहा. ज्या सकाळी पहिल्यांदा पानं किंचित मलूल वाटतील त्या दिवशीचं वजन लिहा आणि लगेच पाणी द्या. हा प्रयोग चिवट झाडावर करा, मोगरा किंवा जास्वंद. मेथी-पालकाच्या जिवावर करू नका.

माझ्या १० इंची कुंडीचं उदाहरण: भरलेली ९.४ किलो, मलूल होताना ७ किलो. फरक २.४ किलो, म्हणजे झाडाच्या हाताशी एकूण २.४ लिटर पाणी. त्यातलं निम्मं संपलं की पाणी द्यायचं हा माझा नेम. म्हणजे काटा ८.२ दाखवेल तेव्हा, आणि १.२ लिटर. पाणी किती द्यायचं हा प्रश्नही त्याच आकड्यात सुटतो. तोवर मी अंदाजाने "दोन मग" घालत होते. आमचा मग मापाच्या भांड्याने मोजला तर सव्वा लिटरचा निघाला. म्हणजे १.२ लिटरच्या जागी मी अडीच लिटर ओतत होते, तेही रोज.

कुंडी मोठी असेल तर बाथरूममधल्या वजनकाट्यावर तिला कडेवर घेऊन उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. ड्रममध्ये लावलेलं झाड कुणी उचलायला जाऊ नये, तिथे काडीच बरी. झाड वाढतं तसं त्याचं वजनही त्यात मिसळतं, तेव्हा दोन्ही टोकं महिन्या-दीड महिन्याने पुन्हा काढा. वांगी लगडलेली असताना जुन्या आकड्यांवर विसंबू नका.

रोज सगळ्या कुंड्या तोलायची गरज नाही. सारख्या आकाराच्या, सारख्या मिश्रणाच्या कुंड्यांपैकी एक साक्षीदार कुंडी ठरवा आणि तिलाच तोला. दोन-तीन आठवड्यांत हातालाच वजन कळायला लागतं: कुंडी एका बाजूने जराशी कलवली की समजतं, आज हलकी आहे.

५. मीटर घेतलाच असेल तर

ऑनलाइन मिळणारा, दोन दांड्यांचा, बिनबॅटरीचा मीटर मीही घेतला. शाळेत लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचून वीज तयार केलेली आठवते? हा मीटर तसाच आहे. दोन वेगवेगळे धातू, मध्ये ओली माती, आणि त्यातून वाहणाऱ्या इवल्याशा विजेने हलणारा काटा. म्हणजे तो थेट पाणी मोजतच नाही, मातीतून वीज किती सहज जाते ते मोजतो. पाण्यात क्षार जास्त असले की वीज सहज जाते. परिणाम असा, की खत दिलेली किंवा बोअरच्या जड पाण्यावर वाढलेली कुंडी असते त्याहून ओली दाखवते, आणि मोकळं भुरभुरीत कोकोपीट दांडीला नीट टेकत नाही म्हणून असतं त्याहून कोरडं.

पटत नसेल तर दोन ग्लासांत आरओचं पाणी घ्या, एकात चिमूटभर मीठ टाका आणि मीटर बुडवून बघा. दोन्हीकडे पाणीच पाणी, पण काटा मिठाच्या ग्लासात जास्त सरकेल.

तरी तो फेकून देऊ नका. असा वापरा:

- दांड्या पुसून कोरड्या करा, मग घाला. प्रत्येक कुंडीनंतर पुन्हा पुसा.
- एका कुंडीत तीन जागी घाला. एकच आकडा खडा लागल्यामुळेही चुकतो.
- जोर लावू नका. कडक मातीत दांडी वाकते, तेव्हा आधी काडीने वाट करा.
- मातीत खोचून ठेवू नका. धातू गंजतो आणि मीटर हळूहळू खोटं बोलायला लागतो.
- मागल्या कलमातली दोन टोकं इथेही काढा. कुंडी भरलेल्या वजनाला असताना काटा कुठे येतो, मलूल होताना कुठे येतो, ते लिहा. डब्यावर छापलेला "ड्राय-मॉइस्ट-वेट" तक्ता विसरा. माझ्या लाल मातीत ७ म्हणजे वाफसा, कोकोपीटच्या कुंडीत ५.

त्याच मीटरवर पीएचचंही (माती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारं) बटण असतं. मी त्याकडे बघत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सची हौस असणाऱ्यांनी आर्डुइनोला (हौशी लोक वापरतात तो छोटा सर्किट बोर्ड) जोडायचा कपॅसिटिव्ह सेन्सर घ्यावा, म्हणजे धातू मातीला न लागता ओल ओळखणारा. उघड्या धातूच्या दोन पायांचा रेझिस्टिव्ह सेन्सर स्वस्त पडतो, पण वीज सोडलेले पाय ओल्या मातीत लवकर झिजतात. कपॅसिटिव्हचा आकडा उलटा चालतो, हवेत मोठा आणि पाण्यात लहान, हे माहीत नसल्याने पहिल्या दिवशी सगळेच गोंधळतात. पट्टीवर आखलेल्या रेषेच्या वर तो बुडवू नका, वरचे भाग उघडे असतात. टक्केवारी बसवताना हवा आणि पाणी ही टोकं धरण्यापेक्षा तुमच्या मातीची दोन टोकं धरा.

शेतासाठी साधनं वेगळी. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत टेन्शिओमीटर दिसतो: पाणी भरलेली नळी, खाली भाजक्या मातीचं सच्छिद्र टोक, वर दाब दाखवणारा काटा. पाणी ओढायला मुळाला किती जोर लावावा लागेल ते तो सांगतो. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने रंगीत दिव्यांचा ओलावादर्शक काढला आहे, त्यात निळा दिवा म्हणजे भरपूर ओल आणि लाल म्हणजे फारच कमी. चार कुंड्यांसाठी यातलं काही घेऊ नका.

६. कंपोस्टची मूठ

कंपोस्टला माती समजू नका. तिथे पाणी पितात ते सूक्ष्मजीव, आणि त्यांना मातीहून बरीच जास्त ओल लागते: एकूण वजनाच्या ४० ते ६० टक्के पाणी. ४० च्या खाली काम मंदावतं. ६५ च्या वर गेलं की हवेच्या जागा पाण्याने भरतात आणि कुजण्याऐवजी सडणं सुरू होतं.

हातमोजे घाला. वरचा थर बाजूला सारून डब्याच्या मधून, वीतभर खालून मूठभर कंपोस्ट घ्या आणि जोरात पिळा.

- धार लागली: फार ओलं.
- बोटांच्या फटीत एक-दोन थेंब आले: ६० च्या आसपास, वरची मर्यादा.
- थेंब नाही, पण हातमोजा चमकला, गोळा टिकला आणि टिचकी मारताच फुटला: उत्तम.
- गोळाच झाला नाही: कोरडं.

पहिल्यांदा मी वरचंच उचलून पिळलं आणि कोरडं आहे म्हणून तांब्याभर पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी खालच्या तोटीतून काळं पाणी आणि घरभर वास. मधला भाग बघायचा तो यासाठी.

नव्या लोकांचा डबा बहुधा ओलाच होतो. का, ते आकड्यात बघा. भाजीच्या देठा-सालींत साधारण ८५ टक्के पाणी असतं. १ किलो ओला कचरा घेतला तर त्यात ८५० ग्रॅम पाणी. त्यात १० टक्के ओल असलेला अर्धा किलो वाळका पालापाचोळा मिसळला, तर पाणी ९०० ग्रॅम, एकूण वजन १,५०० ग्रॅम, म्हणजे ६० टक्के. पालापाचोळा पाव किलोच घातला तर ७० टक्के, आणि डबा सडणार. अर्धा किलो ऐकायला थोडं वाटतं, पण पालापाचोळ्याचा तो मोठा ढीग असतो. कलिंगडाच्या दिवसांत तर मी साली आदल्या दिवशी उन्हात टाकते.

ओलं झालं तर पालापाचोळा, पुठ्ठ्याचे तुकडे, लाकडाचा भुसा घालून वर-खाली करा. इथे अनेक जण भिजवून फुलवलेलं कोकोपीट घालतात. ते आधीच पाण्याने भरलेलं असतं, ओल कशी शोषणार? कोरडंच घ्या. डबा कोरडा पडला असेल तर ढवळत ढवळत पाणी शिंपडा, एकदम ओतू नका. ताक घाला असं सगळेच सांगतात. ओलीपुरतं साधं पाणी पुरतं. मोठ्या ढिगाच्या मध्ये राखेसारखा पांढरट थर दिसला तर घाबरू नका, ढीग आतून तापून तिथे कोरडा पडला आहे, पाणी शिंपडून पलटा.

तयार खताचं गणित पुन्हा वेगळं. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार शहरी कंपोस्टमध्ये ओल १५ ते २५ टक्के असावी. विकतची गोणी उघडल्यावर खताचा गोळा वळून टिकला तर तुम्ही पाण्याचे पैसे मोजले आहेत.

७. नक्की आकडाच हवा असेल तर

रिकामी ताटली तोला. त्यात १०० ग्रॅम ओलं कंपोस्ट पातळ पसरा. उन्हात ठेवा, वरून जाळी टाका, नाहीतर वाऱ्याने आकडा उडून जाईल. सकाळ-संध्याकाळ तोला. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबा. ताटली वजा जाऊन ४४ ग्रॅम उरले, तर ५६ ग्रॅम पाणी होतं, म्हणजे ५६ टक्के. उन्हात वाळवलेल्यात थोडी ओल उरतेच, आपल्या कामाला तेवढा फरक चालतो. मातीसाठी प्रयोगशाळेत १०५ अंश सेल्सिअसला २४ तास भट्टीत ठेवतात. घरच्या ओटीजीत माती चालेल. कंपोस्ट मात्र अजिबात नको, ते धुमसू शकतं, आणि पुढच्या केकला शेणाचा वास येईल तो वेगळाच.

आता सगळ्यात मोठा घोळ. कंपोस्टची टक्केवारी ओल्या वजनावर काढतात, मातीची बहुधा कोरड्या वजनावर. २०० ग्रॅम ओली माती वाळून १६० झाली तर पाणी ४० ग्रॅम. कोरड्या वजनावर २५ टक्के, ओल्या वजनावर २०. नमुना एकच, आकडे दोन. कुठलाही तक्ता वाचताना आधी भागाकार कशाने केलाय ते बघा. कोकोपीटचा आकडा मातीच्या आकड्याशी ताडूही नका: ते स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतं, त्यामुळे कोरड्या वजनावर काढलेली टक्केवारी शेकड्यांत जाते.

८. पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर झारी विसरा, पण काडी विसरू नका. आता बघायचं ते पाणी जातंय की नाही. कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, ताटल्या काढून टाका, नाहीतर त्यात डासांची पैदास होईल. गच्चीच्या भिंतीला टेकलेल्या, छज्जाखालच्या कुंड्यांवर मात्र पाऊस पोचतच नाही. सगळी गच्ची भिजलेली असताना माझी तुळस जुलैत तहानेने वाळली, कारण ती छज्जाखाली होती. तिथे बोट घालून बघा.

कंपोस्टच्या डब्यासाठी पालापाचोळा मार्चमध्येच गोण्या भरून कोरड्या जागी ठेवा. जुलैत तो शोधायला निघालात तर मिळेल तो भिजलेलाच.

नवा कढीपत्ता आता १२ इंची कुंडीत आहे. वहीत त्याच्या पानावर दोनच ओळी आहेत: "भरलेली १४.१. पाणी १२.६ ला, दीड लिटर." खाली अण्णांनी पेन्सिलीने लिहिलंय, "शेंडा खुडा."